गुराबेची लाकडी प्रतिकृति : पुराव्याची एक परीक्षा

मराठ्यांच्या आरमाराविषयीं लिहितांना 'गुराब' हा शब्द आपण सर्वच निःशंकपणें वापरीत आलों आहों. बखरींत तो आहे, पत्रव्यवहारांत आहे, इंग्रजांच्या कागदांतहि त्यांच्या उच्चाराप्रमाणें तो 'ग्रॅब' होऊन आलेला आहे. शब्द ओळखीचा झाला कीं वस्तूहि ओळखीची झाली असें मनास वाटूं लागतें. परंतु ही गुराब किती लांब होती, किती रुंद होती, पाण्याखालीं तिचें पोट कसें होतें, मागची बाजू निमुळती होती कीं चौकोनी, असें कोणी विचारल्यास आपणांस थांबावें लागतें. लेखणीस या प्रश्नांची अडचण पडत नाहीं. 'पांच गुराबा घेऊन सरदार निघाला' हें वाक्य लांबीरुंदीवांचून पुरें होतें. सुताराच्या करवतीस मात्र तसें चालत नाहीं. तिला प्रत्येक फळीचें माप आधीं सांगावें लागतें.

तीन डोलकाठ्यांच्या गुराबेची प्रमाणबद्ध लाकडी प्रतिकृति आम्हीं करावयास घेतली तेव्हां हा अनुभव आम्हांस पदोपदीं आला. हें काम हौसेचें होतें. पण हौस सरत गेली आणि त्याच्या जागीं एक प्रकारची साक्षीपुराव्याची चौकशी उभी राहिली. त्या चौकशींत काय हातीं लागलें, काय लागलें नाहीं, आणि न लागलेल्या भागाचें आम्हीं काय केलें, हें येथें नमूद करीत आहों.

गुराब हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा असा आहे. राजारामाच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत शिवाजी महाराजांच्या आरमाराची जी जंत्री आहे, तींत गुराबा, तरांडीं, तारवें, गलबतें, शिबाडें, पगार अशीं नांवें येतात. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नसाव्या, फार लहानहि नसाव्या, मध्यम रीतीच्या सजाव्या, असा त्यांतील उपदेश आहे. आणि पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा अशी योजनाहि आहे. जहाजासाठीं सागवान कसें तोडावें, आंबा-फणसासारखीं रयतेनें लेकरांप्रमाणें वाढविलेलीं झाडें कां तोडूं नयेत, येथपर्यंत अमात्यांची नजर गेली आहे. राज्यकर्त्यास जें सांगावयाचें तें सर्व येथें आहे. पण 'मध्यम' म्हणजे किती हात, हें अमात्यांनीं लिहिलें नाहीं, व लिहिण्याचें कारणहि नव्हतें. वाचणारानें गुराब डोळ्यांनीं पाहिलेली होती.

आज ती पाहण्याचें साधन उरलेलें नाहीं. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत पेशव्यांच्या सहकार्यानें इंग्रजांनीं विजयदुर्गावर स्वारी केली. ता. १२ रोजीं ॲडमिरल वॉटसनच्या तोफांचा मारा चालूं असतां तुळाजी आंग्र्याच्या ताब्यांतील 'रिस्टोरेशन' या पूर्वीं इंग्रजांकडून जिंकलेल्या जहाजास आग लागली, व किल्ल्याच्या आश्रयास एकत्र नांगरलेलें सारें आरमार तींत भस्म झालें. त्यानंतरहि विजयदुर्गास पेशव्यांचा आरमारी सुभा राहिला, धुळपांनीं इ. स. १७८३ च्या एप्रिलांत 'रेंजर' हें इंग्रजी जहाज रत्नागिरीजवळच्या समुद्रांत पकडलें, तें या सुभ्याच्याच बळावर. परंतु इ. स. १८१८ नंतर लढाऊ गुराबेस धनी उरला नाहीं, आणि लाकडाच्या वस्तूस धनी नसला म्हणजे पाऊस व वाळवी तिचा निकाल लवकर लावतात.

याच्या उलट उदाहरण याच किनाऱ्यावरचें आहे. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखालीं बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट ता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत लोटली गेली. ती मलबारी सागवानाची नौका आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. तिच्या बांधणीचे नकाशे विलायतेहून 'जावा' या जहाजावरून निघाले होते, इ. स. १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजानें 'जावा'चा पराभव केला, त्यांत ते नाहींसे झाले. तेव्हां दुसरी प्रत पाठवावी लागली. दुसरी प्रत पाठवितां आली, कारण नकाशा हा त्या पद्धतीचा पायाच होता. ट्रिंकोमालीची प्रतिकृति करणारास नकाशा पाहावा, शंका आल्यास जहाजावर जाऊन फूटपट्टी लावावी, इतकेंच काम. आमच्या कोंकणच्या सुताराचा नकाशा मात्र त्याच्या डोळ्यांत व सुतळीच्या गांठींत असे. तो बापाकडून मुलाकडे गेला, कागदावर उतरला नाहीं. एकाच किनाऱ्यावरच्या, एकाच लाकडाच्या दोन प्रकारच्या जहाजांपैकीं एकाची प्रतिकृति हें नकलेचें काम आहे, तर दुसऱ्याची प्रतिकृति हें इतिहाससंशोधनाचें काम आहे. भेद हा एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आतां साक्षीदार पाहूं. पहिला व मुख्य साक्षीदार रॉबर्ट ऑर्म. त्याच्या इतिहासाचा पहिला भाग इ. स. १७६३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील वर्णनाचा सारांश असा : गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, कांहींस तीन असत, तीन काठ्यांची सुमारें तीनशें टनांची, दोन काठ्यांची दीडशें टनांहून अधिक नसे. लांबीच्या मानानें ती फार रुंद, पाणी फार थोडें खाणारी, मध्यापासून टोंकाकडे निमुळती होत जाणारी. पुढें इतर जहाजांसारखा फुगीर भाग नसून भूमध्यसमुद्रांतील वल्ह्यांच्या गॅलीसारखी लांब नाळ बाहेर आलेली असे. या नाळेवरची तक्तपोशी मुख्य तक्तपोशीच्या पातळींतच असून दोहोंच्या मध्यें एक आडवी लाकडी भिंत असे. नाळेस कठडा नसे. समोरच्या लाटेंत जहाजाचें तोंड बुडे तेव्हां वर आलेलें पाणी मोकळेपणीं वाहून जावें हा हेतु. त्या भिंतीस भोंकें पाडून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा नाळेवरून पुढें मारा करीत. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत.

वर्णन इतकें नेटकें आहे कीं वाचतांच चित्र उभें राहतें. पण ऑर्म मद्रासेस कंपनीच्या नोकरींत होता. विजयदुर्गच्या मोहिमेंत तो स्वतः नव्हता. त्याची साक्ष ऐकीव आहे, मात्र जाणत्यांकडून ऐकलेली आहे. वॉटसनबरोबर असलेला शस्त्रवैद्य एडवर्ड आइव्ह्ज यानें मोहीम डोळ्यांनीं पाहिली व आपला प्रवासवृत्तान्त इ. स. १७७३ मध्यें छापला. परंतु वैद्याचें लक्ष जहाजाच्या बांधणीवर असणार किती? डॉमिनिक सेर या चित्रकाराचें विजयदुर्ग पडल्याचें चित्र प्रसिद्ध आहे. तें प्रसंगानंतर पंधरा वर्षांनीं विलायतेंत रंगविलेलें. सोल्विन्स या फ्लेमिश कलावंतानें अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यास राहून केलेल्या चित्रांत ग्रॅबचेंहि एक चित्र आहे; पण तें बंगालच्या पाण्यांतलें व व्यापाराच्या काळांतलें. फ्रेंच आरमारी अधिकारी पारिस यानें युरोपाबाहेरील लोकांच्या नौकांचीं मापें घेऊन इ. स. १८४१ च्या सुमारास मोठा ग्रंथ काढला, व पुढें पॅरिसच्या आरमारी संग्रहालयाचा प्रमुख असतां अशा नौकांच्या शेंकडों प्रतिकृति करविल्या. त्यांत मुंबईकडील पत्तेमारी आहे. ही साक्ष अत्यंत विश्वसनीय, पण ती पत्तेमारीची, गुराबेची नव्हे. बोरीवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर नाविक युद्ध कोरलेलें आहे, तें पाहून कोणास मोह होईल. परंतु तो काळ शिवकालाच्या कित्येक शतकें मागचा आहे, तेव्हां तो साक्षीदार या खटल्यांत बोलवितांच येत नाहीं.

सारांश, मापाचा आंकडा म्हणून आमच्या हातीं एकच होता : तीनशें टन. इंग्रजांची त्या काळची टन मोजण्याची रीत ठरलेली होती. पठाणाची, म्हणजे जहाजाच्या तळकण्याची, हिशेबी लांबी घ्यावी, तींतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करावे, बाकीस रुंदीनें व पुन्हां रुंदीच्या निम्म्यानें गुणून चौऱ्याण्णवांनीं भागावें. आतां लांबी रुंदीच्या तिप्पट धरली तर तीनशें टनांस रुंदी सुमारें साडेअठ्ठावीस फूट व लांबी ८६ फूट येते. लांबी चौपट धरली तर रुंदी साडेपंचवीस फूट व लांबी १०२ फूट येते. या रीतींत खोली रुंदीच्या निम्मी गृहीत धरलेली असते. थोडें पाणी खाणाऱ्या गुराबेस ती लागू पडत नाहीं, म्हणून आंकडे कागदीच होत. शिवाय ऑर्मचे तीनशें टन हे कोणी सूत्रानें मोजले कीं नजरेनें अंदाजले, हा प्रश्न उरतोच. तथापि ८६ आणि १०२ या दोन कुंपणांच्या मध्यें कोठें तरी गुराब उभी आहे, इतकें म्हणण्यास आधार मिळाला.

प्रमाण आम्हीं एका फुटास पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक, असें धरलें. इंग्लंडांत सतराव्या शतकापासून आरमारी जहाजांच्या ज्या सरकारी प्रतिकृति होत, त्यांत हेंच प्रमाण रूढ होतें. या मानानें साडेपांच फुटांचा खलाशी दीड इंचहि भरत नाहीं, एक इंच तीन-अष्टमांश होतो. तीन इंच जाडीची फळी इंचाचा सोळावा भाग होते. प्रथम आम्हीं लांबट आकार निवडला : साडेपंचवीस इंच लांब, सहा इंच तीन-अष्टमांश रुंद. त्याचें कारण पुराव्यांत नव्हतें. लांबट जहाज डोळ्यांस देखणें दिसतें, एवढेंच होतें. ऑर्मनें 'फार रुंद' म्हटलें असतां आम्हीं आपल्या आवडीकडे झुकलों, ही चूक सर्वस्वी आमची.

कामास एका बंदरांतील वृद्ध सुतार मिळाले. त्यांच्या घराण्यांत मचवे बांधण्याचें काम पिढीजात. त्यांनीं पठाण घातलें, नाळ बसविली, बरगड्यांसारखीं वांकडीं लाकडें एकेक करून उभीं केलीं, व आडव्या भिंतीपर्यंत काम आलें. ऑर्मच्या शब्दांप्रमाणें मध्यापासून सरळ निमुळतें करीत आणलें तों भिंतीच्या जागीं रुंदी सव्वातीन इंच, म्हणजे खऱ्या मापानें तेरा फूट उरली. दोन्हीं बाजूंचीं लाकडें व फळ्या यांचे दोन फूट वजा जातां आंत अकरा फूट. तेथें दोन तोफा शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या. आम्हीं लाकडाच्या दोन तोफा प्रमाणांत कोरून गाड्यांवर बसवून ठेवल्या. त्या कशाबशा बसल्या. म्हातारबुवांनीं क्षणभर पाहिलें व म्हणाले, "तोफ उभी राहिली हो, पण गोलंदाज कुठें उभा राहायचा?"

या एका प्रश्नानें दोन महिन्यांचें काम मोडावें लागलें. पण आमच्या मतें साऱ्या उद्योगांत मोलाची गोष्ट हीच घडली. एका तोफेच्या गाड्यास चार फूट धरले, तोफांच्या मध्यें व दोन्हीं अंगांस माणसांस वावरावयास अडीच-पावणेतीन फूट धरले, तर आंतील रुंदी सोळा फुटांहून कमी चालत नाहीं. बाहेरून ती अठरा फूट होते. तोफ आठ फूट लांब धरल्यास ती मागें सरून भरण्यासाठीं भिंतीपासून मागें निदान सोळा फूट मोकळी जागा लागते. म्हणजे 'पुढें दोन तोफा' या तीन शब्दांच्या माहितींत जहाजाच्या पुढील भागाचें माप लपलेलें होतें. यांतून दोनच वाटा निघतात. गुराब मध्यापासून सरळ रेषेंत निमुळती होत नसून बरीच दूरवर रुंदी राखून मग एकदम आवळत असावी. अथवा भिंत बरीच मागें असून तिच्यापुढची उघडी नाळ आपण समजतों त्याहून पुष्कळ लांब असावी. ऑर्मनें गॅलीची उपमा दिली आहे तिच्याशीं दुसरी वाट अधिक जुळते. दोहोंसहि रुंद आकारच सोयीचा पडतो. म्हणून दुसऱ्या खेपेस आम्हीं साडेएकवीस इंच लांब व सात इंच एक-अष्टमांश रुंद असा सांगाडा घेतला, भिंत जेथें रुंदी साडेचार इंच भरते तेथें मागें ओढली, व नाळ तिच्यापुढें लांब काढली. हा निर्णय अनुमानाचा आहे. पण आधीं जें आवडीवर ठरविलें होतें तें आतां तोफेवर ठरलें, इतका फरक झाला.

अनुमान आणि साक्ष यांची सरमिसळ होऊं नये म्हणून लाकडाचीच योजना केली. ज्या भागास लेखी साक्ष आहे, जसें नाळ, तिची बिनकठड्याची तक्तपोशी, आडवी भिंत, तोफांचीं भोंकें, मुख्य तक्तपोशी, तो भाग सागवानाचा केला. सागाचा दाणा लहान कामांत मोठा दिसतो; म्हणून मोडलेल्या जुन्या दाराच्या चौकटींतून घट्ट दाण्याच्या पट्ट्या निवडून घेतल्या. जो भाग हिशेबानें किंवा तर्कानें काढला, जसें पोटाची गोलाई, रुंदी, बरगड्यांतील अंतर, तो फिकट पिवळ्या हेदूचा केला. आणि जेथें साक्ष नाहीं व तर्कासहि जागा नाहीं, तो भाग केलाच नाहीं. विलायतेच्या जुन्या सरकारी प्रतिकृतींत पाण्याखालच्या अंगास फळ्या न मारतां सांगाडा उघडा ठेवण्याची चाल होती. तेथें ती बांधणी दाखविण्यासाठीं होती, आम्हीं ती अज्ञान दाखविण्यासाठीं उचलली.

न केलेल्या भागांत पहिली मागची बाजू. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे जहाजें बांधण्यास घेतलीं तेव्हां पोर्तुगीज माणसें कामावर होतीं. त्यावरून मागचा भाग फिरंगी धर्तीचा चौकोनी असावा असें म्हणतां येईल, पण त्याच न्यायानें अरबी धर्तीचा निमुळता कां नसावा, यास उत्तर देतां येत नाहीं. दुसरा भाग शिडांचा. गलबताविषयीं ऑर्म स्पष्ट सांगतो कीं मुख्य काठीवर एकच मोठें त्रिकोणी शीड असे व त्याचें टोंक काठीहून पुष्कळ उंच जाई, वल्हीं चाळीस-पन्नास. गुराबेच्या शिडांविषयीं तो कांहीं सांगत नाहीं. म्हणून आमच्या गुराबेस तीन काठ्यांचे बुंधे आहेत, परबाण नाहीं, शीड नाहीं, दोरी नाहीं.

प्रतिकृति पुरी झाली, किंवा आम्हीं थांबविली, तेव्हां एका प्रदर्शनाच्या चालकांनीं ती मागितली. त्यांनीं पाहिली, वाखाणली, आणि शिडें चढवून मागें नक्षीदार सज्जा बसवून द्यावा म्हणजे लोकांस आवडेल असें सुचविलें. त्यांचा हेतु चांगलाच होता. आम्हीं नाहीं म्हटलें, व ती प्रदर्शनांत गेली नाहीं. आमच्या कांहीं स्नेह्यांस हा हट्ट वाटला. म्हणून त्याचें कारण येथें सांगणें अवश्य आहे.

कोणी बनावट सनद केली तर आपण तिचा कागद पाहतों, शाई पाहतों, मोडी वळण पाहतों, शिक्का ताडून पाहतों, आणि ती टाकून देतों. या विद्येंत आपल्या मंडळींनीं मोठी योग्यता मिळविली आहे. परंतु कांचेच्या कपाटांतील लाकडी जहाजास कोणी असे प्रश्न विचारीत नाहीं. तें एकदां मांडलें कीं त्याचें छायाचित्र निघतें, छायाचित्रावरून पाठ्यपुस्तकांतलें चित्र होतें, चित्रावरून दुसरी प्रतिकृति होते, आणि तीस वर्षांनीं एखादा अभ्यासक या दोघांचा एकमेकांस मेळ बसतो म्हणून तें सिद्ध झालें असें लिहितो. पुस्तकांतील चूक खालीं टीप देऊन दुरुस्त होते. लाकडांतील चुकीस टीप देतां येत नाहीं. तिला दोन रंगांचें लाकूड व रिकामी जागा हीच टीप होय. ज्या आरमारास एका दुपारीं आग लागून तें नाहींसें झालें, त्याच्या जागीं आपल्या कल्पनेचें आरमार उभें केलें तर तें दुसऱ्यांदा नाहींसें होईल, व या खेपेस त्याची राखहि दिसणार नाहीं.

आतां या त्रैमासिकाच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या संग्रहीं कोंकणपट्टीचीं दप्तरें आहेत त्यांस, एक विनंति. आरमाराचे कागद चाळतांना आपण सर्वजण लढाया, तह, पकडलेलीं जहाजें, सरदारांच्या नेमणुका हें प्रथम पाहतों, आणि हिशेबांच्या याद्या बाजूस ठेवतों. प्रतिकृति करणारास याद्याच हव्या आहेत. सागवानाच्या नगांची लांबी गज-हात-तसूंत दिलेली एखादी यादी असली तर पठाणाचें माप मिळेल. शिडाच्या कापडाचा हिशेब असला तर शिडाचा आकार काढतां येईल. दोरखंडाची लांबी व जाडी असली तर काठीची उंची बांधतां येईल. खिळ्यांचें वजन, राळ व तेल यांचा खर्च, सुतारांच्या मजुरीचे दिवस, यांतील प्रत्येक आंकडा एकेका फळीचें माप आहे. जहाजाचें मान खंडींत दिलेलें आढळल्यास ती खंडी कोणत्या बंदरची व किती मणांची, हेंहि टिपावें. पुण्याच्या पुराभिलेखागारांतील पेशवे दप्तरांत आरमारी सुभ्याचे कागद आहेत. खाजगी घराण्यांतील रुमालांतहि असे तुकडे असण्याचा संभव मोठा आहे. धनी जो कागद रद्दी म्हणून दाखवीत नाहीं, तोच पुष्कळदां हा असतो.

आमची गुराब सध्यां अभ्यासिकेंतल्या टेबलावर आहे. मागची बाजू उघडी असल्यामुळें तींतून आंतला सांगाडा सरळ नाळेपर्यंत दिसतो. येणारे जाणारे ती अपुरी कां, असें विचारतात. त्यांस आम्ही वरील हकीकत सांगतों. परवां ते सुतार आले होते. त्यांनीं उघड्या भागावरून हात फिरविला, आणि माप मिळाल्यावर कळवा, लाकूड मी राखून ठेवलें आहे, असें सांगून गेले. कोणा संग्राहकाच्या रुमालांतून तें माप निघालें तर आम्हांस अवश्य कळवावें. काम चार दिवसांचें आहे.